पाणी कोठे जिरवावे?

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आमच्या कासुर्डीकडे लहान मुलालाही पाठ असते. दौंड तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी बांधबंदिस्तीच्या कामावर मातीची घमेली वाहत होती. तिला अक्षरओळख नाही; परंतु बांध घातला की माती राहते, पाणी मुरते आणि विहीर उन्हाळ्यात उशिरा आटते, हा हिशेब ती कोणाही पदवीधराला समजावून देईल. हाच हिशेब सह्याद्रीच्या उभ्या उतारावर उलटा होतो, हे मला भूगोल घेतल्यावर कळले. त्याविषयी येथे थोडे लिहीत आहे.

आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव आपल्याच जिल्ह्यातले. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा चिखल होऊन गावावर आला आणि १५१ माणसे गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला वार्ता लागली.

हे कसे घडते? सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा, काळ्या पाषाणाचा डोंगर. वरचा पाषाण उन्हापावसाने कुजून त्याचा मुरूम व माती होते. खाली अभंग कातळ असतो. अतिवृष्टीत पाणी मातीत शिरते, पण कातळ त्याला पुढे वाट देत नाही. माती फुगते, जड होते, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि सगळा थर कातळावरून घसरतो. उतार मंद असता तर हेच पाणी सावकाश विहिरीला लागले असते! म्हणजे जिरणे तेच, फरक उताराचा.

माळीणच्या वर डोंगरात भातखाचरे होती. खाचर म्हटले की पाणी तुंबवावेच लागते. उतार फोडून अशी खाचरे करण्यास तिकडे पडकई म्हणतात. पडकईसाठी यंत्रे लावून माती सैल केली, ओहोळ बुजवले, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेपात तथ्य असेल. परंतु सारा दोष तेथील आदिवासी शेतकऱ्यावर टाकणे मला पटत नाही. त्या खोऱ्यातील सपाट जमीन कोठे गेली? डिंभे धरणात जुने आंबेगावच बुडाले. ते पाणी शिरूरच्या शेतांना मिळते. आम्हा दौंडकरांचा ऊस खडकवासल्याच्या कालव्यावर, आणि खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव. तेथील काही धरणग्रस्तांना दौंड तालुक्यात जमिनी मिळाल्या, त्यांना आपण ओळखतो. जे मागे डोंगरातच राहिले, त्यांनी भात कोठे लावायचा?

शिवाय सगळीकडे खाचरेच कारण नसतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती. केरळात वायनाडला दरड कोसळली तीही ३० जुलैलाच, माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी.

म्हणून मृदसंधारणाची एकच पद्धत सरसकट लावणे घातक आहे. पठारावर व मंद उतारावर समतल चर खणावेत, बांध घालावेत. वस्तीच्या डोक्यावरील उभ्या उतारावर मात्र पाणी जिरवायचे नाही, त्याला वाट द्यायची: जुने ओहोळ मोकळे ठेवायचे, खाचराचे जादा पाणी दगडी चरातून बाजूला काढायचे, खोल मुळांची झाडे तोडायची नाहीत. जमिनीला भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे व खांब कलणे या खुणा दिसल्या की वस्ती हलवावी. पंचनाम्याची वाट पाहू नये. या खुणा गावकऱ्याच्या डोळ्याला प्रथम दिसतात, म्हणून पर्जन्यमापक शाळेत असावा आणि त्याची नोंद गावानेच ठेवावी, असे मला वाटते.

पुनर्वसनातही उतार विसरून चालत नाही. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांना एप्रिल २०१७ मध्ये आमडे येथे नवी घरे मिळाली. घरे पक्की होती. पण जागा उतार कापून, भराव टाकून सपाट केलेली. त्याच जूनच्या पावसात भराव खचला, रस्त्यांना तडे गेले, आणि एकदा डोंगर अंगावर आलेली माणसे पुन्हा रात्रभर जागी राहिली.