गोंदणं सोपं, पुसणं अवघड!
(टॅटू काढण्याच्या पद्धती आणि खर्चाचा हिशेब)

'टॅटू काढणे' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात. चित्र काढतात तसा टॅटू काढणे आणि डाग काढतात तसा टॅटू काढणे. पहिलं काम जत्रेत बॅटरीच्या मशीनवर अर्ध्या तासात, दोन-तीनशे रुपयांत होतं. दुसऱ्या कामाला किती वेळ, किती पैसा आणि किती त्रास, हा आजच्या लेखाचा विषय.

हा प्रश्न हॉस्टेलमध्ये दरवर्षी निघतोच. बी.ई.ला कुणीतरी सैन्याच्या टेक्निकल एंट्रीचा फॉर्म भरतो, शारीरिक पात्रतेचं पान वाचतो आणि बाही वर करून हाताकडे बघत बसतो. कुणाचं लग्न ठरतं, पण हातावरचं नाव भलतंच असतं. मग रूमवर सल्लागार मंडळ जमतं. एक म्हणतो चुना लाव, दुसरा म्हणतो बिब्बा घास, तिसरा मोबाईलवर क्रीमची जाहिरात दाखवतो. या मंडळाकडे जाण्याआधी आपण जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू.

शाई नेमकी असते कुठे?

आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस. तो साधारण महिनाभरात झडून नवा होतो. शाई तिथेच राहिली असती तर टॅटूही महिन्यात गेला असता. पण सुई शाई नेऊन ठेवते खालच्या थरात, म्हणजे डर्मिसमध्ये, एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. या शरीराच्या सफाई कामगार. त्या शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की असा मॅक्रोफेज मेला की शाई बाहेर पडते आणि लगेच नवा मॅक्रोफेज तिला गिळतो. म्हणजे मेस सेक्रेटरी बदलतो, चार्ज दुसऱ्याकडे जातो, पण थकबाकी तीच! आजीच्या हातावरचं गोंदण साठ वर्षं टिकतं ते यामुळे.

एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या पद्धती आपोआप समजतात.

पद्धत पहिली : घासणे आणि जाळणे

ही सर्वात जुनी. सहाव्या शतकातल्या एटियस नावाच्या वैद्याने मीठ चोळून गोंदण घालवण्याचं वर्णन केलं आहे. चुना, बिब्बा, ॲसिड हे सगळे त्याचेच भाऊबंद. लेसर येण्याआधी डॉक्टरही जागा बधिर करून फिरत्या ब्रशने त्वचा घासत. त्याला डर्माब्रेजन म्हणतात.

अडचण साधी आहे. शाई खालच्या मजल्यावर आणि आपण शिरतोय गच्चीतून. क्रीम एकतर शाईपर्यंत पोचतच नाही आणि पोचलं तर वरचा मजला जाळत पोचतं. म्हणून घरी वापरायच्या क्रीममुळे शाई तशीच राहते, नाहीतर व्रण उठतो. बरेचदा दोन्ही होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एकाही क्रीमला मान्यता दिलेली नाही, उलट त्यांच्यापासून सावध राहायला सांगितलं आहे. बिब्ब्याच्या तेलाने तर नुसत्या स्पर्शानेही फोड येतात. खर्च शे-पाचशे रुपये, पण नंतर व्रणाचा खर्च वेगळा. ही पद्धत यादीतून बाद.

पद्धत दुसरी : कापून टाकणे

टॅटू लहान असेल तर प्लास्टिक सर्जन जागा बधिर करून तेवढी त्वचाच काढतो आणि कडा शिवून टाकतो. एका दिवसात काम, शाई शंभर टक्के बाहेर. हातावरचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. पण त्या जागी रेघेसारखा व्रण कायम राहतो. मोठ्या टॅटूला कडा जुळत नाहीत, मग टप्प्याटप्प्याने कापावं लागतं किंवा दुसरीकडची त्वचा लावावी लागते. छाती आणि खांदा या ठिकाणी व्रण जाड होऊन वाढण्याची, म्हणजे केलॉइडची, शक्यता जास्त असते. घरात कुणाला तसा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

पद्धत तिसरी : लेसर

इथे आपला फिजिक्सचा पेपर कामाला येतो. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी एक तत्त्व मांडलं. ज्या वस्तूला तापवायचं तिच्याकडून शोषली जाणारी तरंगलांबी निवडा आणि तिची उष्णता बाजूला पसरायच्या आत प्रकाश बंद करा. कण थंड व्हायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. शाईचे कण इतके बारीक की हा वेळ नॅनोसेकंदांत येतो. म्हणून लागतो क्यू-स्विच्ड लेसर, ज्याचा पल्स जेमतेम ५ ते १० नॅनोसेकंदांचा.

छोटं गणित करा. ठिपक्याचा व्यास ३ मिलिमीटर, ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल. म्हणजे एका पल्समध्ये साधारण ०.३५ ज्यूल. शंभर ग्रॅमचा साबण एक फूटभर वर उचलायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. पण ती ६ नॅनोसेकंदांत दिली की पॉवर होते जवळजवळ ६ कोटी वॉट! या धक्क्याने कणाचे तुकडे होतात आणि आजूबाजूची त्वचा बरीचशी वाचते.

आता मुद्द्याची गोष्ट. लेसर शाई बाहेर काढत नाही, फक्त फोडतो. तुकडे उचलून लसिकावाहिन्यांमार्फत न्यायचं काम शरीर करतं आणि त्याला आठवडे लागतात. सी.पी.एम.च्या भाषेत सांगायचं तर क्रिटिकल पाथवर मशीन नाही, आपलं शरीर आहे. मशीन कितीही महाग आणा, हा वेळ विकत मिळत नाही.

रंगांचंही ऐका. काळ्या शाईला १०६४ नॅनोमीटर चालतो. तो खोल जातो आणि त्वचेतलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं, म्हणून आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला तोच जास्त सुरक्षित. लाल रंगाला ५३२ लागतो, पण मेलॅनिनही तो बराच शोषतं, त्यामुळे पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका वाढतो. हिरवा आणि आकाशी रंग चिवट, त्यांना ७५५ किंवा ६९४ नॅनोमीटरचे वेगळे लेसर लागतात. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई लेसरने उलट काळी पडू शकते, म्हणून आधी एका टिकलीएवढ्या जागेवर चाचणी करून घ्यावी.

एक धोक्याची सूचना. पार्लरमधल्या केस काढायच्या मशीनवर टॅटू काढून घेऊ नका. तिचा पल्स मिलिसेकंदांचा असतो आणि एक मिलिसेकंद म्हणजे दहा लाख नॅनोसेकंद. एवढ्या वेळात उष्णता आजूबाजूला पसरते आणि त्वचा भाजते.

पद्धत चौथी : झाकणे

जुन्यावर नवा, मोठा आणि गडद टॅटू. यात काढणं नाहीच, भर आहे. नाव बदलायचं असेल तर ठीक, पण भरतीसाठी याचा उपयोग शून्य. पुढे काढायची वेळ आली तर काय होतं, ते खालच्या हिशेबात दिसेल.

आता न्यूमेरिकल!

२००९ मध्ये कर्बी, देसाई आणि सहकाऱ्यांनी एक मोजपट्टी दिली. सहा गोष्टींना गुण द्यायचे : त्वचेचा रंग, टॅटूची जागा, शाईचे रंग, शाईचं प्रमाण, आधीचा व्रण आणि टॅटूवर टॅटू. बेरीज येते साधारण तेवढी लेसरची सिटिंग लागतात.

उदाहरण १ : जत्रेत उजव्या हातावर, कोपराखाली बाहेरच्या बाजूला काढलेलं काळं नाव. सावळी त्वचा ५, कोपराखालची जागा ५, फक्त काळा रंग १, हौशी काम म्हणून कमी शाई १, व्रण ०, थर ०. एकूण १२ सिटिंग.

उदाहरण २ : त्याच नावावर रंगीत, भरगच्च कव्हर-अप. त्वचा ५, जागा ५, अनेक रंग ४, भरपूर शाई ४, व्रण ०, थर २. एकूण २० सिटिंग.

दर आकारावर आणि शहरावर ठरतो. हिशेबासाठी लहान टॅटूला एका सिटिंगचे २,५०० रुपये आणि मोठ्या रंगीत टॅटूला ५,००० रुपये धरू. पहिल्याचे होतात ३०,००० रुपये, दुसऱ्याचे १ लाख. औषधं, सनस्क्रीन आणि एस.टी.चं भाडं वेगळं. तीनशे रुपयांच्या नावाला शंभर पट! तेच लहान नाव कापून टाकायला समजा १५,००० रुपये लागले, तर पैसे निम्मे आणि वेळ दोन आठवडे, पण व्रण जन्माचा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात लेसर असेल तर खर्च बराच कमी येतो, म्हणून आधी तिथे चौकशी करा.

वेळेचा हिशेब मात्र पैशापेक्षा कडक आहे. २०१२ मध्ये इटलीत ३५२ जणांवर झालेला अभ्यास सांगतो की १० सिटिंगनंतर सुमारे ४७ टक्के लोकांचा टॅटू यशस्वीपणे गेला, १५ नंतर सुमारे ७५ टक्के लोकांचा. आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतराने घाई करणाऱ्यांना आणि सिगारेट ओढणाऱ्यांना यश कमी मिळालं. तेव्हा अंतर किमान आठ आठवडे धरू. बारा सिटिंगमध्ये अंतरं अकरा, म्हणजे ८८ आठवडे, जवळजवळ वीस महिने. बी.ई. संपताना हात स्वच्छ हवा असेल तर सुरुवात टी.ई.च्या ऑक्टोबरात हवी! महिन्याला सरासरी दीड हजार पडतात. हेच काम बी.ई.च्या मार्चमध्ये आठवलं तर हातात उरते फक्त सर्जरी.

भरतीवाल्यांसाठी

सगळेच टॅटू अडत नाहीत, म्हणून आधी नियम वाचा. सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो. आदिवासी जमातींना त्यांच्या प्रथेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत कोपराखाली आतल्या बाजूचा टॅटू फक्त डाव्या हाताचा चालतो, कारण उजवा हात सॅल्यूटचा. शिवाय आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. आपण ज्या वर्षी फॉर्म भरतो त्या वर्षीची जाहिरात शब्दशः वाचावी. तीस हजार खर्च करण्याआधी तीस मिनिटं वाचन स्वस्त पडतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. मशीन क्यू-स्विच्ड किंवा पिकोसेकंद आहे का आणि त्यात कोणत्या तरंगलांबी आहेत?
२. लेसर त्वचारोगतज्ज्ञ स्वतः मारणार की दुसरं कोणी?
३. माझ्या त्वचेवर आधी चाचणी होईल का?
४. एकूण अंदाजे किती सिटिंग आणि एकूण किती रुपये? (एका सिटिंगचा दर ऐकून भुलू नका. पिकोसेकंदचं सिटिंग महाग असतं, पण काही टॅटूंना संख्या कमी लागते.)

लेसरनंतर फोड आले तर फोडू नका, खपली ओढू नका आणि ती जागा उन्हापासून जपा. क्रिकेटच्या मॅचला फुल बाह्यांचा शर्ट!

आणि ज्यांनी अजून काढलेला नाही, त्यांनी दोनच गोष्टी बघाव्यात. सुई समोर पाकीट फोडून नवी घेतली जाते का? कारण एकाच सुईवर हिपॅटायटिस बी, सी आणि एच.आय.व्ही. पसरू शकतात. दुसरं म्हणजे वरच्या मोजपट्टीवर आपल्या डिझाईनचे गुण किती येतात? टॅटू काढायच्या आधी ती बेरीज करायला दोन मिनिटं लागतात. नंतर मात्र तिच्यातला एकेक गुण आठ आठवड्यांचा असतो आणि हे काम सबमिशनसारखं शेवटच्या रात्री जागून होत नाही.