गाडीतल्या हॅम रेडिओला वीज: बॅटरीपासून माइकपर्यंतची जोडणी

मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, रेडिओवाल्याला मानवणारं गाव आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे तापी-पूर्णेचं सपाट खोरं. नागपूर-सुरत महामार्ग गावातून जातो आणि इच्छापूरमार्गे इंदूरकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या, वीज गेली, की चालत्या गाडीत स्वतःची बॅटरी असलेला रेडिओ कामाचा ठरतो. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी (हॅम) रेडिओचालकांनी निरोप पोचवले, ते अशाच बॅटऱ्यांच्या आणि जनरेटरच्या जोरावर.

गाडीत रेडिओ बसवताना बहुतेकांचं लक्ष अँटेनाकडे असतं. पण आवाज तुटणं, प्रसारणाचं बटण दाबताच संच बंद पडणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे वायर पेटणं, हे त्रास बहुधा विजेच्या जोडणीतून येतात. म्हणून ही कृती फक्त जोडणीची.

आधी परवाना. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखा तो देते. परीक्षा द्यावी लागते, वय किमान १२ हवं. परवान्यातल्या कमाल शक्तीच्या आणि गाडीतून वापर करण्याच्या अटी संच घेण्याआधी वाचून घ्या.

किती करंट लागतो?

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर (व्हीएचएफ) चालणारा ५० वॅटचा गाडीतला संच प्रसारण करताना साधारण १० ते १२ अँपिअर खेचतो. १०० वॅटचा एचएफ (लघुलहरींचा) संच २० ते २२ अँपिअर घेतो. नुसतं ऐकत असताना हाच आकडा अर्धा-एक अँपिअरच्या आसपास असतो. नक्की आकडा संचाच्या माहितीपुस्तिकेत असतो, तोच धरा.

बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्यांना वर-खाली १५ टक्के चालतं. म्हणजे ११.७ व्होल्टच्या खाली गेलं की तक्रार सुरू. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. इंजिन बंद असेल आणि भार पडला, तर १२.२ वर येतात. म्हणजे इंजिन बंद ठेवून बोलायचं, तर वायरीत गमवायला तुमच्याकडे फक्त अर्धा व्होल्ट आहे. वायरीची जाडी ठरवायची ती या अर्ध्या व्होल्टवरून.

सिगारेट लायटरच्या सॉकेटचा मोह टाळा. त्यावर बहुधा १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे १० अँपिअर, आणि त्यामागची वायर तेवढ्यापुरतीच असते. हातातल्या ५ वॅटच्या संचाला ते ठीक आहे. ५० वॅटला नाही.

वायर कोणती घ्यावी?

बॉनेटखालून डॅशबोर्डपर्यंत वळणं धरून ४ मीटर अंतर समजू. धन आणि ऋण मिळून जाऊन-येऊन ८ मीटर तांबं. त्यात व्होल्टेज असं पडतं:

- २.५ एमएम: १२ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट, २२ अँपिअरला १.४
- ४ एमएम: १२ अँपिअरला सुमारे ०.५, २२ अँपिअरला ०.९
- ६ एमएम: १२ अँपिअरला सुमारे ०.३, २२ अँपिअरला ०.६
- १० एमएम: २२ अँपिअरला सुमारे ०.३५

दुकानात ‘चार एमएम’ म्हणतात ते चार चौरस मिलिमीटर. ५० वॅटच्या संचाला ४ एमएम पुरते. १०० वॅटला ६ एमएम किमान, आणि गाडी बंद ठेवून बोलायचं असेल तर १० एमएम.

हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. तांबं ७० अंशांना पोचलं की त्याचा रोध जवळपास २० टक्क्यांनी वाढतो. म्हणून शंका आली तर एक माप जाडच घ्या.

घरगुती वायरिंगची उरलेली वायर वापरू नका. तिचं साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. इंजिनाजवळ १०५ अंश सोसणारी, बारीक तारांची, लवचीक गाडीची वायर हवी. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मीटरवर मिळते. तांब्याचीच आहे ना, हे टोक खरवडून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर आतून पांढरी दिसते, ती परत करा.

साहित्य

- लाल आणि काळी वायर, वरच्या हिशेबाने
- पाणी न शिरणारा ब्लेड फ्यूजचा होल्डर, जाड शेपटाचा
- फ्यूज: ५० वॅटला १५ अँपिअर, १०० वॅटला २५ अँपिअर (माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो), शिवाय दोन-दोन जादा
- तांब्याची थिंबल, वायरीच्या आणि बोल्टच्या मापाची
- क्रिम्पिंगचा पाना, हीट श्रिंक ट्यूब
- वायरीवर चढवायची नालीदार लवचीक नळी
- रबरी ग्रोमेट, केबल टाय
- ३० अँपिअर किंवा जास्तीचा, उलटा न बसणारा कनेक्टर
- मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर
- हेडलाइटचा एक जुना पण चालू एच-४ बल्ब

कृती

१. गाडी किती व्होल्टची, ते पाहा. कार, जीप आणि छोटे पिकअप १२ व्होल्टचे असतात. केळी भरून उत्तरेकडे जाणारे मोठे ट्रक २४ व्होल्टचे. त्यात रेडिओ थेट जोडला तर तो जागीच जळेल. ट्रकमधल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढण्याची युक्ती कोणी सांगितली, तरी ऐकू नका. एक बॅटरी जास्त रिकामी होते, दुसरी जास्त भरते आणि दोन्ही लवकर मरतात. ट्रकला २४ वरून १३.८ व्होल्ट देणारा कन्व्हर्टरच लावा. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी केबलना हात लावू नका, तिथलं काम कंपनीच्या माणसाचं.

२. वाट ठरवा. इंजिनाचा कप्पा आणि केबिन यांमधल्या पत्र्याला बहुतेक गाड्यांत एखादं रबरी बूच लावलेलं तयार भोक असतं. तेच वापरा. नवं भोक पाडावंच लागलं तर पलीकडे काय आहे ते आधी बघा आणि ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओवू नका. पत्र्याची धार धक्क्यांनी आवरण कापते. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, फिरत्या पट्ट्यापासून, स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि पेडलपासून लांब ठेवा. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांच्या जवळपासही काही बांधू नका. सीएनजीची गाडी असेल तर टाकी आणि गॅसची नळी यांपासून पूर्ण वेगळी वाट धरा, आणि संच डिकीत टाकीशेजारी ठेवू नका.

३. बॅटरीची ऋण बाजू सोडा. काम सुरू करण्याआधी काळी केबल आधी काढा आणि सगळं संपल्यावर शेवटी लावा. धन बाजू सोडताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. ऋण बाजू आधीच सुटलेली असेल तर काही होत नाही.

४. टर्मिनल साफ करा. पांढरा-हिरवा थर जमला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने काढा आणि कोरडं करा. इथल्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर उडतं. पाणी घालायची बॅटरी असेल तर पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला.

५. थिंबल दाबा. वायरीचं टोक थिंबलमध्ये बसेल तेवढंच सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका. थिंबल योग्य पान्याने दाबा आणि हाताने जोरात ओढून पाहा. निघाली तर कापून पुन्हा करा. वर हीट श्रिंक चढवा. काळ्या टेपवर विसंबू नका, खानदेशातल्या मे महिन्यात तिचा डिंक वितळून टेप सुटते.

६. धन बाजूचा फ्यूज बॅटरीजवळच. बॅटरीच्या टर्मिनलपासून फ्यूजपर्यंतची वायर वीतभराच्या आत ठेवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो डॅशबोर्डखाली बसवला, तर बॉनेटखालची तीन मीटर वायर उघडी राहते. ती कुठे घासून बॉडीला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि आवरण काही सेकंदांत पेटतं. फ्यूज होल्डर केबल टायने पक्का बांधा, पण फ्यूज अजून घालू नका.

७. ऋण बाजू. वायर धनाच्या सोबतच परत आणा आणि बॅटरीची काळी केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते, त्याच बोल्टवर थिंबल लावा. रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, मग घट्ट करा आणि वरून ग्रीस फिरवा. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. थेट टर्मिनलवर जोडलं तर रेडिओचा करंट त्याच्या हिशेबात येत नाही आणि चार्जिंग चुकतं. जुन्या गाडीत सेन्सर नसेल आणि थेट टर्मिनलवरच जोडायचं असेल, तर ऋण वायरीतही फ्यूज घाला. पुढे कधी इंजिनाची मूळ अर्थिंगची जोडणी सैल झाली, तर स्टार्टरचा करंट रेडिओच्या काळ्या वायरीतून वाट शोधतो.

८. नळी चढवा, बांधा. दोन्ही वायरी नालीदार नळीत घाला आणि दर वीतभर अंतरावर केबल टाय लावा. शेतात, केळीच्या बागेजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात. नळी त्यांना पूर्ण थांबवत नाही, पण उशीर लावते. दर महिन्याला बॉनेट उघडून नजर टाका.

९. रेडिओच्या टोकाला कनेक्टर. उलटा बसूच शकणार नाही असा कनेक्टर निवडा. लाल-काळी उलटली तर संचाची दुरुस्ती महागात जाते.

१०. रिकामी चाचणी. रेडिओ अजून जोडू नका. काळी केबल बॅटरीला लावा, फ्यूज घाला. रेडिओच्या टोकाला मल्टिमीटर लावून धन-ऋण आणि व्होल्टेज बघा. मग तिथे एच-४ बल्बचे दोन्ही फिलामेंट एकदम जोडा. मिळून ११५ वॅट, म्हणजे साडेनऊ अँपिअरच्या आसपास भार पडतो. बल्ब लगेच तापतो, म्हणून काच धरू नका आणि अर्ध्या मिनिटात उरका. तेवढ्यात बॅटरीवरचं आणि वायरीच्या टोकावरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर एखादा सांधा कच्चा आहे. हाताला गरम लागेल तोच दोषी.

११. रेडिओ जोडा. इंजिन सुरू करा, मग संच चालू करा. स्टार्टर फिरताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत खाली बसते, त्यामुळे संच आधी चालू ठेवू नका. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा भार) लावूनच प्रसारणाचं बटण दाबा. सुरुवात कमी शक्तीने, मग पूर्ण शक्तीने, आणि प्रत्येक वेळी संचाच्या टोकाचं व्होल्टेज वहीत लिहा.

आवाज येत असेल तर

ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टी चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची. आधी ऋण बाजूचा सांधा पुन्हा खरवडून घट्ट करा, मग रेडिओच्या दोन्ही वायरींना मिळून संचाजवळ फेराइट कडी लावा. इंजिनाच्या गतीशी संबंध नसलेली सततची खरखर आली तर मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून काढून पाहा. स्वस्त चार्जर व्हीएचएफवर बराच गोंगाट करतात.

रात्रभर ऐकायचं असेल तर

छोट्या कारची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. आठ तास नुसतं ऐकलं तर अर्ध्या अँपिअरच्या हिशेबाने ४ अँपिअर-तास जातात, बोललात तर आणखी. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की थांबा किंवा इंजिन सुरू करा. संच विसरून चालू राहण्याची सवय असेल तर धन वायरीत फ्यूजनंतर ४० अँपिअरचा रिले टाका. ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीकडची बाजू, ८७ ला रेडिओकडची. ८५ आणि ८६ यांपैकी एक बॉडीला आणि दुसरी किल्लीवर चालणाऱ्या लाइनला, छोट्या फ्यूजमधून. किल्ली काढली की संच बंद.

पेट्रोल पंपावर किंवा सीएनजीच्या रांगेत शिरण्याआधी संच बंद करा. पहिल्या पावसानंतर, आणि मग दर सहा महिन्यांनी, दहाव्या पायरीतली बल्बची चाचणी पुन्हा करा आणि आकडा जुन्या नोंदीशेजारी लिहा. फरक वाढताना दिसला तर सांधा पुराच्या रात्रीची वाट न बघता त्याच दिवशी उघडा.