मुलांच्या हाती चरित्र देताना



आपण दीक्षा घेतली, घरातले देव उतरवले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. मुलांसाठी बाबासाहेबांचे छोटे चरित्रही विकत आणले. हे योग्यच झाले. पण ते चरित्र आपल्या घरात कसे वाचले जाते, याचा विचार आपण करतो काय?

खडकीच्या आमच्या वस्तीत रविवारी मुले विहारात जमतात. त्यांच्यातल्या सातवीच्या एका मुलाला मी विचारले, "बाबासाहेबांसारखा शिकशील ना रे?" तो म्हणाला, "सर, ते जन्मापासूनच मोठे होते. साधूने आधीच सांगून ठेवले होते." पोराची चूक नव्हती. रामजींच्या संन्यासी झालेल्या चुलत्याने आशीर्वाद दिला, ही कथा चरित्रांतून येते. त्याने ती वाचली आणि स्वतःला हिशेबातून वजा केले. अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतो आणि जुनी पोथी काढलेल्या फळीवर नवी पोथी मांडतो!

बाबासाहेब स्वतः कसे वाचत, ते पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी बालपणाची हकीकत सांगितली आहे. (१९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात नव्हती.) सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. का, असे भीमरावांनी विचारले. वडिलांचे म्हणणे असे, की अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात कमीपणा येतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतून केवढे वर चढले ते वाचले, की तो जातो. बापाचा हेतू चांगला होता. आज आपण मुलांना थोरांची चरित्रे देतो ती याच हेतूने. पण मुलाला ते पटले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यापैकी कोणीच त्याला आवडेना, आणि त्याने तसे वडिलांना सांगितले.

पुढे भीमराव परीक्षा पास झाले. समाजाच्या लोकांनी सत्कार ठरवला. रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे! शेवटी रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर मध्ये पडले आणि सभा झाली. तिथे केळुसकरांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेले आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ते वाचून मुलाने वडिलांनाच जाब विचारला, की हे साहित्य मला आधी का दिले नाही? त्या पुस्तकापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतची वाट जवळजवळ पन्नास वर्षांची आहे.

आता गंमत पाहा. बाबासाहेबांच्या प्रस्तावनेत ही सभा इंग्रजी चौथी पास झाल्यावरची आहे आणि अध्यक्ष केळुसकर आहेत. धनंजय कीर यांच्या १९५४ सालच्या इंग्रजी चरित्रात ती १९०७ साली मॅट्रिक झाल्यावरची आहे आणि अध्यक्षस्थानी सी. के. बोले आहेत. हे मी मुलांपुढे ठेवले. मुले आधी गप्प झाली. बाबासाहेबांबद्दल शंका कशी काढायची, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. मग तोच सातवीतला मुलगा म्हणाला, "सर, सभा दोनदा झाली असेल काय?" दुसरी म्हणाली, "पन्नास वर्षांनी आठवून लिहिले, म्हणून इयत्ता चुकली असेल." तासभर वाद चालला. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे, एवढ्यावरून मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. ते सुत्त मी त्या दिवशी वेगळे शिकवले नाही.

घरीही असेच वाचावे. रोज दोन पाने पुरेत. मुलाने वाचावे, आई-वडिलांनी ऐकावे. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिलाही 'कशावरून रे?' एवढे विचारता येते.

आणि चरित्रे एकाच थोर पुरुषाची नसावीत. १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढणारे आणि १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात पुढाकार घेणारे शिवराम जानबा कांबळे खडकीच्या किती मुलांना ठाऊक आहेत? ह. ना. नवलकरांनी त्यांचे चरित्र १९३० सालीच लिहिले आहे.

काही चरित्रे तर अजून कोणी लिहिलेलीच नाहीत. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. लोकलने खडकीहून ते थोड्याच स्थानकांवर आहे. त्या दिवशी जी पोरे बापाच्या खांद्यावर बसून गेली, ती आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. तुमच्या चाळीत असे कोणी आजोबा-आजी असतील, तर मुलाला वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवा. कोणाबरोबर गेलात, कसे गेलात, भाकरी काय बांधून नेली होती, बाबासाहेब किती लांबून दिसले, हे सारे विचारू द्या. आजी 'नीट आठवत नाही' म्हणाल्या, तर तेही तसेच लिहून घ्यावे.