लोखंडाशिवाय चुंबक : कुलाब्याचा एक प्रयोग

"सर, जगातला सगळ्यात ताकदवान चुंबक केवढा असेल?" चुंबकाचा पाठ सुरू झाला की हा प्रश्न येतोच. मुलांच्या डोळ्यांसमोर असतो नालाकृती चुंबक, म्हणजे जास्त ताकद हवी तर मोठा नाल. आपली प्रश्नपत्रिकाही 'चुंबक लोखंडाला आकर्षित करतो' एवढ्यावर गुण देऊन मोकळी होते. विजेचा प्रवाह वाहिला की चुंबकत्व तयार होतं, ही मुख्य गोष्ट राहूनच जाते.

अशा वेळी मी मुंबईचं उदाहरण सांगतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी लेसरचा अतितीव्र झोत घन पदार्थावर सोडला. झोत फक्त १०० फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक! पृष्ठभागाचा क्षणात प्लाझ्मा झाला, इलेक्ट्रॉन सुसाट आत धावले. हाच तो प्रवाह. त्यातून २ कोटी ७० लाख गॉसचं चुंबकीय क्षेत्र तयार झालं. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण ०.४ गॉस, नेहमीच्या एमआरआय मशीनचं १५ हजार. भागाकार मुलांना करू द्या, शून्यं मोजताना मजा येते.

हे क्षेत्र टिकलं किती? सहा पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा दोन मिलिमीटर जात नाही. मग मोजलं कसं? मला तर हाच भाग जास्त आवडतो. दुसरा मंद झोत किंचित उशिरा पाठवायचा. उशीर करायला घड्याळ नाही, आरसा थोडा मागे सरकवायचा, म्हणजे प्रकाशाची वाट लांबते. परतलेल्या झोताचं ध्रुवण किती बदललं, यावरून क्षेत्र किती ते कळतं.

वर्गात लेसर नाही, पण मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार मिळते. टोकं खरवडून ती खिळ्याला गुंडाळा, सेल जोडा, टाचण्या चिकटतात. तार लगेच तापते, म्हणून चार-पाच सेकंदांत सोडवा. टाचण्या पडतात. पालकांनी घरी करताना सेलच वापरावा, घरातल्या प्लगला तार अजिबात लावू नये.

मग खिळ्याऐवजी पेन्सिल घ्या. टाचण्या बहुतेक उचलल्या जाणार नाहीत, पण होकायंत्र जवळ आणा. सुई हलते. "लोखंड नाही, तरी का हलली?" एवढंच विचारा आणि उत्तर सांगायची घाई करू नका.