दमट उन्हाळा आणि उतारवय : हरमलहून काही निरीक्षणे

निवृत्तीनंतर समुद्राकाठी घर असावे, ही आपल्यापैकी अनेकांची जुनी इच्छा असते. डिसेंबरात हरमलला चार दिवस राहून गेलेला माणूस त्या इच्छेला अधिकच बळी पडतो. सकाळी गार वारा, दुपारी सोसवेल असे ऊन आणि संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका. मात्र डिसेंबरातले हरमल आणि मे महिन्यातले हरमल ही दोन वेगळी गावे आहेत. नागपुरात तीन दशके वैद्यकीय व्यवसाय करून मी पेडणे तालुक्यातील या गावी स्थायिक झालो, तेव्हा स्नेही म्हणाले, "पंचेचाळीस अंशांतून सुटलात!" ते अर्धेच खरे होते. तापमापकाचा पारा येथे खाली आला, पण शरीरावरचा ताण कमी झालाच असे नाही. असे का व्हावे आणि उतारवयातील माणसाने कोणती काळजी घ्यावी, हे थोडक्यात मांडण्याचा येथे प्रयत्न करतो.

माठ काय सांगतो?

नागपूरच्या मे महिन्यात माठातील पाणी दातांना कळ लागावी इतके थंड होते. हरमलला तोच माठ, तेच पाणी, पण पाणी जेमतेम गार. कारण उघड आहे. माठ गार होतो तो झिरपलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर वाफ होण्याचा वेग मंदावतो. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला असता जे तापमान दिसते, त्याला आपण ओल्या फुग्याचे तापमान म्हणतो. माठ त्याच्या जवळपास पोचू शकतो, त्याखाली नाही. नागपुरात ४४ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असता हे मान सुमारे २३ अंश येते. हरमलला ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असता ते सुमारे २८ अंश येते. म्हणजे पारा अकरा अंशांनी उतरला, पण शरीराच्या दृष्टीने जे मान महत्त्वाचे, ते पाच अंशांनी चढले.

आपली त्वचा हाही एक माठच आहे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. परंतु अंगावरून टपकलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही, केवळ पाणी आणि मीठ घेऊन जातो. दमट हवेत माणूस चिंब भिजतो आणि तरीही तापतच राहतो, त्याचे कारण हे आहे. विदर्भातील घराघरांतून दिसणारा वाळ्याचा कूलरही येथे याच कारणाने निरुपयोगी ठरतो, कारण तो खोलीतील ओलावा वाढवून उलट अपायच करतो.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमधील खाणींत उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या जे. एस. हाल्डेन यांनी १९०५ साली दाखवून दिले होते, की माणसाच्या सहनशक्तीची सीमा ओल्या फुग्याचे तापमान ठरवते आणि स्थिर हवेत ते ३१ अंशांच्या पुढे गेले की शरीराचे तापमान चढू लागते. पुढे २०१० साली ३५ अंश ही तात्त्विक कमाल मर्यादा मांडली गेली. २०२२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत मात्र दमट हवेतील प्रत्यक्ष मर्यादा पुन्हा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. तरुणांची ही अवस्था, तर सत्तरीतील हृदयरुग्णाची मर्यादा त्याहून खाली असणार, हे सांगावयास नको.

पाऱ्यावर विसंबू नये

भारतीय हवामान खाते मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारी प्रदेशात ३७ अंश तापमान झाल्यावर, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असल्यास, उष्णतेच्या लाटेचा विचार करते. किनाऱ्यासाठी हा निकष खाली ठेवला आहे, तो योग्यच आहे. मार्च २०२३ मध्ये गोव्यात असा इशारा मिळाल्यावर दोन दिवस शाळा दुपारपूर्वी सोडण्यात आल्या होत्या. त्यानंतर महिनाभरात, १६ एप्रिल २०२३ रोजी, नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशीचे ३८ अंशांच्या घरातील तापमान नागपूरकराने हसण्यावारी नेले असते.

उष्णतेचे बळी केवळ उन्हातच जातात, हाही एक गैरसमज आहे. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि कित्येक जण आपल्या घरातच, एकटे असताना गेले. निवृत्तीसाठी गाव सोडून आलेल्या आणि मुले परदेशी असलेल्या आपल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

उतारवयात काय बदलते?

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, घाम उशिरा व कमी येतो, त्वचेकडील रक्तप्रवाह पुरेसा वाढत नाही. त्यात औषधांची भर पडते. मूत्रल औषधे पाणी व क्षार बाहेर टाकतात. बीटा-ब्लॉकर हृदयाची गती वाढू देत नाहीत. मूत्राशयाच्या तक्रारींवरील ऑक्सिब्युटिनिन, कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल, तसेच अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे घाम कमी करतात. मधुमेहासाठी अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या एसजीएलटी-२ रोधक गोळ्यांनीही लघवीवाटे पाणी जाते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातील पाणी घटले तर औषधाची रक्तातील पातळी धोकादायक होऊ शकते.

शेजारच्या वाड्यावरील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण बोलके आहे. रक्तदाबासाठी ते थायझाइड घेत असत. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावे, हा सल्ला त्यांनी मनोभावे पाळला, पण भूक मेल्यामुळे आहार नाममात्र राहिला. आठवड्याभरात ते असंबद्ध बोलू लागले. घरच्यांना वाटले, वयोमानाने बुद्धी फिरली. रक्त तपासले असता सोडियम फारच खाली गेलेले आढळले. औषध बदलून व क्षार सावकाश पूर्ववत करून ते आठ-दहा दिवसांत बरे झाले. उन्हाळ्यात वृद्ध माणसाला अचानक गोंधळल्यासारखे झाले, तर तो वार्धक्याचा भाग समजू नये, सोडियम तपासावे. मार्च महिन्यातच प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या औषधांची फेरतपासणी करावी, अशी माझी समव्यावसायिकांना विनंती आहे. रुग्णांनी मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

गावाकडून शिकण्यासारखे

येथील जुनी माणसे सकाळी उकड्या तांदळाची पेज घेतात, सोबत मीठ आणि लोणचे. पाणी, पिष्ट व क्षार यांचे हे मिश्रण जलसंजीवनीचे जवळचे नातलगच होय. सोलकढी आणि कोकमाचे सरबतही उत्तम. शहाळ्याबद्दल मात्र एक सूचना. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिलसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हृदयविकार असणाऱ्यांनी पाणी व मीठ किती घ्यावे हेही विचारून ठरवावे. रोज सकाळी वजन करणे ही सर्वांत सोपी कसोटी. एका दिवसात एक किलो घटले तर सुमारे एक लिटर पाणी गेले असे समजावे.

चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौले आणि समोरासमोरच्या खिडक्या असलेले जुने घर समुद्रावरून येणारे खारे वारे आत घेते. स्लॅबचे नवे घर दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता परत देते. मे महिन्यात येथील रात्रीही सव्वीस अंशांच्या खाली क्वचितच उतरतात, म्हणून शरीराला विसावा मिळेल अशी झोपण्याची एक तरी खोली असावी. गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेला सावली आणि छताचा पंखा ही पहिली पायरी. वातानुकूलन यंत्र असल्यास ते २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. यंत्र हवेतील ओलावाही काढते, हा त्याचा खरा लाभ. वीज गेल्यास ओल्या फडक्याने अंग पुसून हाताने वारा घालावा. इन्सुलिन माठात ठेवून येथे निश्चिंत राहू नये, त्याचे कारण वर आलेच आहे.

बाजार, बँक आणि फिरणे सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर उरकावे. दुपारी गाव झोपते, त्याला आळस म्हणू नये. शरीर उष्णतेला सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून मुलांकडे हिवाळा काढून एप्रिलमध्ये परतणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे बेताने वागावे. घामोळ्यांवर पावडरीचे थर देऊ नयेत, गार पाण्याने अंघोळ आणि सैल सुती कपडे पुरेसे आहेत. जांघेत वा काखेत गजकर्ण झाल्यास दुकानदाराकडून स्टेरॉइडमिश्रित मलम आणू नये.

उष्माघात ओळखावा कसा?

शरीराचे तापमान ४० अंशांहून अधिक आणि सोबत असंबद्ध बोलणे, झटके वा बेशुद्धी, ही उष्माघाताची खूण. त्वचा कोरडीच असेल असे नाही. अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा मेंदूने वाढवलेला ताप नव्हे. १०८ क्रमांकावर कळवावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत आणून, अंगावर पाणी ओतून, जोराने वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काखा व जांघा येथे ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. हरमलहून म्हापशाचे जिल्हा इस्पितळ पाऊण-एक तासाच्या अंतरावर, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्याहून लांब. जीव वाचतो तो बहुधा त्या पहिल्या अर्ध्या तासात, घरच्या बादलीने.

येथे घर घेऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की व्यवहारापूर्वी एक मे महिना भाड्याच्या घरात राहून पाहावा. आणि आपल्या संस्थेच्या सभासदांना एक सूचना. मार्च ते जूनचा पाऊस येईपर्यंत प्रत्येकाने आपल्या परिसरातील एकट्या राहणाऱ्या पाच वृद्धांची यादी करावी आणि त्यांना रोज दुपारी एक दूरध्वनी करावा. "जेवलात का? लघवी झाली का?" एवढे दोन प्रश्न पुरेत. उत्तर नीट आले नाही, तर चप्पल घालून निघावे.