पातळीची राखण

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा कारखान्यात पाणी केवळ थंडावा देत नाही. भट्टीतून निघणारा वायू पाण्याने धुतला जातो आणि काही ठिकाणी पाण्याच्याच बळावर रोखून धरला जातो. १२ जून २०१४ रोजी भिलाईतील दोन क्रमांकाच्या पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब उतरला, पाण्याच्या नळांवाटे वायू उलटा शिरला आणि सहा जणांचे प्राण गेले. या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. पाणी ढळल्याचे वेळीच कळणे किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात यावे.

दाब मोजण्याची साधने निराळी. पातळी ओळखण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे फ्लोट स्विच. घरच्या टाकीतील बॉलकॉक ज्याने पाहिला आहे, त्याला याचे निम्मे तत्त्व आधीच ठाऊक आहे. बॉलकॉकचा गोळा तोटी बंद करतो. फ्लोट स्विच विजेचा मार्ग जोडतो किंवा तोडतो. केबलला बांधलेले पोकळ कवच पाण्याबरोबर कलते आणि आतली पोलादी गोळी घरंगळून संपर्क जुळवते. पूर्वी गोळीऐवजी पारा असे. कवच फुटल्यास तो पाण्यात मिसळण्याचे भय होते. टाकी भरावयाची असेल तर कवच खाली गेल्यावर संपर्क जुळावा लागतो, हौद उपसावयाचा असेल तर वर आल्यावर. हा संपर्क नाजूक असल्याने मोठ्या मोटारीचा प्रवाह त्यातून नेत नाहीत. तो फक्त स्टार्टरला आज्ञा देतो.

पंप चालू होण्याची व बंद होण्याची पातळी एकच ठेवणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. समजा, टाकीचा तळ ४ मीटर बाय ४ मीटर आहे, तासाला १६ घनमीटर पाणी खर्च होते आणि पंप ४८ घनमीटर देतो. दोन पातळ्यांत ५० सेंटिमीटर अंतर ठेवले तर ८ घनमीटर पाणी उतरावयास ३० मिनिटे व चढावयास १५ मिनिटे लागतील. तेच अंतर ५ सेंटिमीटर केले, तर पंप दर साडेचार मिनिटांनी, म्हणजे तासाला सुमारे १३ वेळा सुरू होईल. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तिची गुंडाळी फार दिवस टिकणार नाही.

धोक्याच्या पातळीसाठी मात्र वेगळा फ्लोट हवा. पंप चालविणारा फ्लोटच अडकला, तर त्याच्याकडून आपल्या अपयशाची वर्दी कशी मिळणार? या दुसऱ्या फ्लोटचे मंडल एरवी जोडलेले आणि पाणी घटताच तुटणारे ठेवावे. मग केबल तुटली तरी घंटा वाजते. गाळ व क्षार बसून कवच जड होते, म्हणून चाचणी घेताना घंटेची कळ दाबून समाधान मानू नये. कळीने फक्त घंटा तपासली जाते. फ्लोट तपासावयाचा तर पाणीच खाली उतरवावे लागते.