हळद लागण्याआधी

चि. सौ. कां. बयो,

पत्रिका वाटून झाल्या, हॉलचे पैसे भरून झाले. वैशाखातल्या मुहूर्ताला आता तीन आठवडे उरलेत. आत्या म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की आजपासून नवीन काही काढायचं नाही. नवं क्रीम नाही, नवा डाएट नाही, केसांना नवा रंग नाही, आणखी एक साडीही नाही. जे आणलंय ते अंगावर घालून बघायचं आणि जे ठरलंय ते पुरं करायचं. लग्नघरात या दिवसांत येणारा प्रत्येकजण काही ना काही सुचवतो. ते मायेनंच असतं. ऐकून घे, हो म्हण, आणि करायचं की नाही ते रात्री आईजवळ बसून ठरव.

केळवणं सुरू झालीच असतील. कुणाचं मन मोडू नकोस, पण एका दिवशी दोन घरची केळवणं घेऊ नकोस. दुपारी आमरस-पुरी आणि रात्री बासुंदी असं आठवडाभर चाललं की पोट बिघडतं, आणि ब्लाउजची मापंही. शिंप्याला सांगून ठेव, की शेवटचं माप शेवटच्या केळवणानंतर. तोवर ब्लाउज कच्च्या टाक्यावर राहू दे आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंचभर कापड आत ठेवायला लाव. माप देताना नुसती उभी राहू नकोस. दोन्ही हात डोक्यावर ने. हार घालायच्या वेळी नवऱ्याचे मित्र त्याला उचलून धरतात आणि मुलीचे हात वर जातात, नेमकी तेव्हाच काखेतली शिवण उसवते. पाटावर बसून, पुढे वाकून बघ. हुक पाठीला असतील तर ते कोण लावणार, तेही ठरव.

साडीला फॉल लावायला दिला असशील तर विचार, की फॉलची पट्टी आधी भिजवून वाळवली होती का. सुती फॉल पाणी लागलं की आटतो आणि काठ गोळा होतो. वहिनीची, म्हणजे तुझ्या आईची, लग्नातली पैठणी तू संध्याकाळी नेसणार आहेस, याचा मला फार आनंद आहे. ती आत्ताच उघडून उजेडासमोर धर आणि घड्यांच्या रेषा नीट बघ. जुनं रेशीम घडीवरच विरतं. विरलं असेल तर रफू करून घ्यायला अजून वेळ आहे, आदल्या दिवशी नसेल. मग ती मऊ सुती कापडात गुंडाळून ठेव, पण आधीच्या घड्या बदलून. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस. अत्तर लावायचं ते साडी नेसण्याआधी अंगाला, कारण अत्तरानं जर काळवंडते आणि नथीच्या मोत्यांचंही तेज जातं.

विधींना नऊवारी नेसायची म्हणतेस, तर घरी दोनदा तरी नेसून बघ. आरशासमोर उभी राहण्यापुरती नव्हे, चांगली दोन तास. त्यात जिने चढ, मांडी घालून पाटावर बस, सात पावलं टाक. कासोटा कुठे ओढतो, निऱ्या कुठे सुटतात, ते तिथेच कळेल. स्वच्छतागृहात जायची वेळ येतेच, त्याचीही सवय घरी करून घे, लाजू नकोस. शिवलेल्या नऊवारीत हे सोपं जातं. त्यात कमीपणा काही नाही. नव्या चपला रोज संध्याकाळी घरातल्या घरात घाल. कोल्हापुरी असतील तर पट्ट्यांना आतून तेलाचं बोट फिरव, म्हणजे चावणार नाहीत. जोडवीही आधी घालून बघ, आणि संध्याकाळच्या वेळी बघ. वैशाखात दिवसभर उभं राहून पाय आणि बोटं सुजतात. सकाळी बरोबर बसलेलं जोडवं रात्री रुततं.

नाक टोचलेलं नसेल तर आता टोचून घ्यायचं नाही. ती जखम पुरती भरायला महिने लागतात. दाबाची नथ घे, आणि तीही घरी तासभर घालून बस. मुंडावळ्या बांधून बघ, त्या केसांत अडकून ओढतात. मेकअप करणारीला सांग, की चाचणी दिवसाच्या उजेडात हवी, कारण तुझा मुहूर्त सकाळचा आहे आणि दिव्याखाली शोभणारा रंग उन्हात राखाडी दिसतो. चष्मा काढून लेन्स लावणार असशील तर होमाचा विचार कर. लाजाहोमात भाऊ तुझ्या ओंजळीत लाह्या घालतो आणि तू अग्नीच्या अगदी जवळ असतेस. धुरानं लेन्समागे डोळे झोंबायला लागले की पाणी थांबत नाही. मी तर म्हणेन, विधींना चष्माच लाव. त्या वेळी पदर खोचलेला आणि पिन लावलेला हवा, तो लोंबता राहू देऊ नकोस.

आता चेहऱ्याचं. फेशियल करायची सवय असेल तर नेहमीचंच, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी. ब्लीच नको. आधी वॅक्सिंग, मग मेंदी, मग हळद, हा क्रम सोडू नकोस. मेंदीनंतर वॅक्सिंग केलं तर मेंदीचा रंग उतरतो, आणि नुकत्याच वॅक्सिंग केलेल्या कातडीवर हळद झोंबते. मध्ये एक दिवस तरी जाऊ दे.

मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढ. खरी मेंदी वाळून निघाली की नारिंगी दिसते, तिला घाबरू नकोस. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती गडद होते, फक्त पहिल्या रात्री हाताला पाणी आणि साबण लागू देऊ नकोस. लिंबू-साखरेचं पाणी आणि लवंगांची धुरी आपल्याकडे सगळ्या घरांत करतात, तू पण कर. पण तासाभरात काळा रंग देणाऱ्या कोनाला हात लावू नकोस. ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं, त्यात बऱ्याचदा केसांच्या कलपातलं पीपीडी असतं. त्यानं हातावर फोड येतात, कधी कधी नक्षीच्या रेषेरेषेवर येतात आणि व्रण राहतात. कोन कितीही भरवशाचा असला तरी आठवडाभर आधी कोपराच्या आत एक ठिपका लावून दोन दिवस बघ.

हळदीला घरी दळलेली हळद घ्यायला वहिनीला सांग. मुलाची उष्टी हळद येईल, ती किती आणि कशात कालवलेली असेल सांगता येत नाही, म्हणून चेहऱ्याला बोटभरच लावून घे. उतरवायची ती बेसन आणि दुधानं. हळदीला साबण लागला की ती लाल होते. कपड्यांवर तसे लाल डाग पडले तरी घाबरू नका. साध्या पाण्यात खळबळून कपडे कडक उन्हात घाला. हळदीचा पिवळेपणा उन्हानंच उतरतो.

एक गोष्ट आई बोलायला संकोचेल, म्हणून मी बोलते. पाळीची तारीख लग्नाच्या आसपास येत असेल तर आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तारखेच्या काही दिवस आधीपासून घ्याव्या लागतात, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. त्या सगळ्यांना चालतही नाहीत. रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा त्रास, अर्धशिशी असं काही असेल तर डॉक्टरांना सांग. मैत्रिणीनं दिली म्हणून किंवा दुकानातून मागून आणून घेऊ नकोस. आणि पाळी आलीच, तरी लग्न थांबत नाही आणि तू अपवित्र होत नाहीस, हे माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांकडे जाशीलच, तर हिमोग्लोबिन आणि थॅलेसेमियाची तपासणीही करून घे, आणि होणाऱ्या नवऱ्यालाही करायला सांग. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आधी कळलं तर डॉक्टरांच्या मदतीनं टाळता येतं.

चुडा भरायला कासार घरी येईल. त्याच्याकडून चार-सहा बांगड्या त्याच मापाच्या जास्त घेऊन ठेव, गर्दीत एखादी वाढवतेच. पाटल्या आणि तोडे काचेच्या बांगड्यांत कसे बसवायचे ते त्याच्यासमोरच बघ, दोन्ही बाजूंना सोनं आलं की काच मनगटाला लागत नाही. चुडा किती दिवस ठेवायचा, मंगळसूत्राच्या वाट्या सुलट्या कधी करायच्या, हे घराघरांत वेगळं असतं. मध्यस्थाला विचारू नकोस. सासूबाईंना स्वतः फोन कर आणि “तुमच्याकडे कसं करतात?” म्हणून विचार. या एका फोननं निम्मे रुसवेफुगवे टळतात, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

दागिन्यांचं मात्र मनावर घे. प्रत्येक कुडीची, झुमक्याची फिरकी फिरवून बघ, ढिली असेल तर सोनाराकडे ने. ठुशीचा गोफ आणि तन्मण्याची दोरी ओढून बघ. नवीन सोन्यावर बीआयएसची खूण, २२ कॅरेटला ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक घालून तपासता येतो. पावत्या एका पाकिटात ठेव. हॉलमध्ये खोलीची किल्ली आणि दागिन्यांचा डबा अशा एकाच बाईकडे दे, जिच्यावर विधींचं काही काम नाही. आईकडे देऊ नकोस, तिला कन्यादानाला बसायचंय. करवलीकडे दागिने नकोत. तिच्याकडे पिशवी दे आणि त्यात पिना, सुई-दोरा, टिकल्या, ओला रुमाल, दुसरा गजरा ठेव. मोगऱ्याचा गजरा वैशाखात दोन तासांत मलूल होतो, म्हणून दोन मागव आणि दुसरा ओल्या फडक्यात ठेव.

लग्नाच्या सकाळी गौरीहर पुजेपर्यंत काही खायचं नाही अशी आपल्याकडे रीत आहे. रीत पाळ, पण गुरुजींना आधी विचारून घे. दूध, केळं, लिंबूपाणी बहुतेक चालतं. त्या उकाड्यात रेशमी साडी नेसून, होमाजवळ, रिकाम्या पोटी बसलं की मुली चक्कर येऊन पडतात. पाणी तर कुठलीही रीत अडवत नाही. आदल्या रात्री मोबाईल करवलीकडे दे आणि दहाला झोप. गाण्यांचा कार्यक्रम तुझ्याशिवाय चालतो. आणि या तीन आठवड्यांतली एक पूर्ण संध्याकाळ दादासाठी, म्हणजे तुझ्या बाबांसाठी, ठेव. तो काही बोलणार नाही, तू त्याच्याशेजारी नुसती बसलीस तरी त्याला पुरे.

शेवटी कागदांचं सांगते, आणि हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. तुला जे जे मिळतं, मग ते केळवणातली साडी असो की मामाकडचा हार, त्याची यादी करायची. ही माझ्या मनची गोष्ट नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, आणि १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली तुम्हा दोघांच्या सह्या. तुझी यादी तुझ्याकडे राहते. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तुझं सासर चांगलं आहे, मला त्यांच्याबद्दल शंका नाही. चांगल्या घरात अशी सही करायला कुणाला अवघड वाटत नाही. उलट कुणी काही मागत असेल, आडून आडून का होईना, तर ते आजच दादाला सांग. मुहूर्ताच्या धाकानं गप्प बसू नकोस.

लक्ष्मीपूजनाला तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितील. लिहू दे. आधार, पॅन, पासपोर्टवरचं नाव त्यानं बदलत नाही, आणि बदलावंच असा कुठला कायदाही नाही. फिरायला जायची तिकिटं ओळखपत्रावरच्या नावानंच काढा. नोकरीत पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर नव्यानं करावं लागतं, ते विसरू नकोस. गुणपत्रिका, पदव्या, पासबुकं यांची एक फाईल करून ती तुझ्या बॅगेत ठेव, रुखवताच्या सामानात नव्हे.

विवाहनोंदणीचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा आहे आणि लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. त्याला तीन साक्षीदार लागतात, पत्रिका आणि लग्नाचा फोटो लागतो, आणि अर्जावर गुरुजींची सही लागते. गुरुजी वैशाखात रोज वेगळ्या गावी असतात. म्हणून अर्ज आत्ताच भरून ठेव, आणि मंगलाष्टकं झाल्यावर जेवायला बसण्याआधी त्यांची सही घे.

तुझी
आत्या